ही यादी कधीची आहे?

आधी माफी मागतो. असे अनुभव लिहिणारी माणसं आपल्या कामात तीस-तीस वर्षं काढलेली असतात. मी आठ आठवड्यांचा एक ऑनलाइन कोर्स केला आहे. वेब डेव्हलपमेंटची तोंडओळख, एवढंच. कॉलेजात मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मी कुणाला काही शिकवायला बसलोय असं वाटलं तर कृपया तसं समजू नका. माझ्या हातून एक चूक झाली. ती कशी झाली याचं मला अजूनही नवल वाटतं, म्हणून लिहितोय.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास म्हात्रे काकांनी ऑफिसच्या पायरीवर उभं राहून तिसरी हाक दिली, "एकतीस बहात्तर!" आणि ज्ञानूमामा आले नाहीत.

इथे थोडं मागे जावं लागेल.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी सकाळचा अर्धा दिवस काम करतो. बिल्टी टाईप करायची. बिल्टी म्हणजे गाडीत काय माल आहे आणि तो कुठे जायचा, याचा कागद. दुपारी वाशीला कॉलेज, संध्याकाळी तुर्भ्याला घर. ही नोकरी वडिलांमुळे मिळाली. ते समोरच्याच यार्डात क्रेनच्या हुकाला लोखंडाच्या गुंडाळ्या अडकवतात. त्या गुंडाळ्यांना कॉइल म्हणतात. एकेक कॉइल आमच्या घरातल्या कपाटापेक्षा मोठी असते.

आमच्या ऑफिसचा जीव एका फळ्यात आहे. कोल्हापूर-सांगलीकडे जाणारे ट्रेलर माल मिळायची वाट बघत यार्डात उभे असतात. जो आधी आला त्याचा नंबर आधी. फळ्यावर गाडीचे शेवटचे चार आकडे लिहितात, आणि ड्रायव्हरलाही त्याच आकड्यांनी ओळखतात. माल आला की पहिल्या नंबरच्या गाडीच्या नावाने तीन हाका द्यायच्या, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने. तिसऱ्या हाकेला ड्रायव्हर पायरीपाशी नसेल तर त्याचा आकडा पुसून सगळ्यात खाली लिहायचा.

फोन करायचा नाही. मी कामाला लागल्यावर काकांना विचारलं होतं, "काका, सगळ्यांकडे मोबाईल आहेत. एक कॉल केला तर?"

काका कळंबोलीच्या जुन्या गावातले. फळा बावीस वर्षं त्यांच्याच हातात आहे. ते म्हणाले, "एकाला फोन लागंल, एकाला नाय लागनार. मग ज्याला लागला तो काकाचा लाडका. हाक सगल्यांना सारखीच ऐकू येते."

काकांनी एकदा स्वतःच्या मेव्हण्याची गाडी खाली लिहिली होती. दिवाळीला मेव्हणा आला नाही, असं सांगतात.

कोर्सकडे मी वळलो तो कॉलेजच्या एका नोटिशीमुळे. कोर्स इंग्रजीतून होता. शिकवणाऱ्या मॅडम भरभर बोलायच्या, म्हणून मी व्हिडिओ सावकाश चालवायचो आणि खाली येणाऱ्या ओळी वाचायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी एक गोष्ट दाखवली. कॉम्प्युटरवर कुठलंही वेब पेज उघडून उजवं क्लिक करा आणि सोर्स बघा. मी आमच्या कॉलेजचं निकालाचं पान उघडलं. आत नुसता मजकूर होता. टोकदार कंसात शब्द. कुठून मोठं अक्षर सुरू होतं, कुठे संपतं, कुठे तक्ता. निकालाच्या दिवशी जे पान उघडायला मी दहा वेळा मागे-पुढे करतो, ते आतून असं साधं असेल असं वाटलं नव्हतं. शिलाई मशीनचं झाकण उघडल्यासारखं वाटलं. त्यानंतर आठवडाभर मी दिसेल त्या पानाचं झाकण उघडत होतो.

त्या कंसातल्या शब्दांना टॅग म्हणतात. टॅग लिहायच्या भाषेचं नाव एचटीएमएल. रंग, आकार, मोकळी जागा ठरवते ती सीएसएस. एवढ्यावर पान तयार होतं. ते इतरांना दिसावं म्हणून सर्व्हरवर ठेवायचं. सर्व्हर म्हणजे कायम चालू असलेला दुसऱ्या कुणाचा तरी कॉम्प्युटर.

पाचव्या आठवड्यात प्रोजेक्ट आला. स्वतःसाठी नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगाचं पान बनवा, आणि ते वापरून लोक काय म्हणाले ते लिहा. मला विचार करावाच लागला नाही. ऑफिसातला फोन दिवसभर वाजायचा. "काका, माझा नंबर कितवा?" ड्रायव्हर जेवायला गेले तरी विचारायचे, आंघोळीला गेले तरी विचारायचे. मी फळ्याचं पान केलं. हिरवी पाटी, पांढरे आकडे. फळा बदलला की मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर यादी बदलायची आणि फाईल पुन्हा चढवायची. फळ्याशेजारी भिंतीवर क्यूआर कोड चिकटवला. फोनने तो स्कॅन केला की पान उघडायचं.

ऑफिसचे शेठ खूश झाले. "फोन गप झाला की रे!" वडील क्रेनवरच्या लोकांना सांगत सुटले, "पोरानं फळा मोबाईलमदी घातला." एकटे काका फळ्यासमोर खडू घेऊन बसून असायचे. एकदा म्हणाले, "आता मला कोन काय विचारीत नाय." मी ते हसण्यावारी नेलं. आता वाटतं, तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं.

कोर्समध्ये एक पद्धत होती. आपला कच्चा प्रोजेक्ट इतर विद्यार्थ्यांना दाखवायचा आणि त्यांनी शेरा लिहायचा. कोण, कुठले, काही कळत नाही. माझ्या पानाखाली दोघांनी छान छान लिहिलं. तिसऱ्याने एकच प्रश्न विचारला होता : ही यादी कधीची आहे हे मला कसं कळणार?

मला थोडा रागच आला. याने कळंबोली बघितली नसेल, म्हणून असं विचारतोय, असं वाटलं. मी उत्तर लिहिलं : ही यादी नेहमी आत्ताचीच असते.

ते वाक्य तिथे अजून आहे. मी पुसलेलं नाही.

आता बुधवार. ज्ञानूमामांची गाडी चार दिवस लायनीत होती. मामा जत तालुक्यातले. शनिवारी दुपारी बाराला त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. गाडी मालकाची, मालकाची परवानगी माल भरून त्या दिशेला जाण्यापुरतीच. रिकामी गाडी न्यायची नाही आणि माल उतरेपर्यंत गाडी सोडून गावाला जायचं नाही. म्हणजे त्यांचा नंबर वेळेत लागणं, यावरच सगळं होतं. सकाळी सातला ते चौथे होते. एरवी आमच्या लायनीला दिवसाला एक माल, फार तर दोन. मामांनी हिशेब केला, आपला नंबर उद्या दुपारी. म्हणून ते पनवेलला गेले, मुलीला साडी घ्यायला.

नेमका त्या दिवशी एका कारखान्याने अडवून ठेवलेला माल सोडला. अकरापर्यंत एकापाठोपाठ तीन गाड्या भरायला गेल्या. मी प्रत्येक वेळी पान बदललं. चौथा माल मिरजेचा. मिरज म्हणजे मामांच्या घराच्या अगदी वाटेवर. काकांनी तीन हाका दिल्या. मामा नाहीत. काकांनी बाहीने आकडा पुसला आणि सगळ्यात खाली लिहिला. मिरजेचा माल मागच्या गाडीला गेला आणि मामा सहावे राहिले. मीही यादी बदलली. मला वाटलं, मामांनी फोनवर बघितलं असेल, येत असतील.

बाराला मामा आले. हातात साडीची पिशवी. फळा बघितला आणि तिथेच थांबले.

"काका, माजा आकडा खाली कसा?"

"तीन हाका दिल्या."

"आवो, पन मी चौथा हाय!" त्यांनी फोन काढून माझ्यासमोर धरला. "हे बघ की लेकरा. दहा वाजता दुकानात बघितलं, चौथा. निघताना बघितलं, चौथा. आत्ता रिक्षात बघितलं, तरी चौथाच."

फोनवर माझं पान होतं. हिरवी पाटी, पांढरे आकडे. तिथे मामा खरंच चौथे होते. माझ्या कॉम्प्युटरवर ते सहावे होते. तेच पान, तोच पत्ता.

खरं सांगायचं तर घाबरण्याच्या आधी मला कुतूहल वाटलं. हे असं कसं होईल? मी मामांच्या हातून फोन घेतला आणि पान खाली ओढून सोडलं. चाक फिरलं आणि मामा सहावे झाले. माझ्या बोटाखाली.

तेव्हा लक्षात आलं. दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी चित्र काढून हेच शिकवलं होतं. फोन सर्व्हरकडे पान मागतो, सर्व्हर एक प्रत देतो, आणि तिथे दोघांचा संबंध संपतो. मूळ पान नंतर बदललं तरी फोनमधल्या प्रतीला त्याचा पत्ता नसतो, जोवर कुणी पुन्हा मागत नाही. मी ते चित्र वहीत उतरवलं होतं. बाणसुद्धा पट्टीने काढले होते. पण मनात मात्र असं धरून चाललो होतो की माझं पान म्हणजे फळा आहे. काकांनी इथे पुसलं की सगळीकडे पुसलं जाईल. मामांनी सकाळी सातला पान उघडलं होतं. त्यानंतर ते पान बघत नव्हते, सातची झेरॉक्स बघत होते. आणि ती सातची आहे हे त्यांना कळायला मी कुठे काही लिहिलंच नव्हतं.

फळ्यावर कुणी वेळ लिहीत नाही. फळा बघणारा फळ्यासमोरच उभा असतो.

"काका," मी म्हणालो, "मामांची चूक नाही. माझं पान जुनं दाखवत होतं."

"फला चुकला का?"

"नाही. फळा बरोबर होता."

"हाका चुकल्या?"

"नाही."

"मग मी काय करू? आज याच्यासाठी पुसला तर उद्या सगले पान दाखवतील मला." ते कठोरपणे बोलले नाहीत. त्यांनी मामांना स्वतःचं स्टूल दिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ऑफिस नंबर बदलत नाय. ड्रायव्हर ड्रायव्हरला आपली जागा देऊ शकतो. अदलाबदली. पन मागायचं त्यानं, ज्याची चूक."

मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं. पोरगं हाय. मी घरी कळवतो." आणि पिशवीच्या नाड्या उगाचच पुन्हा बांधत बसले. ते मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

पहिल्या नंबरवर आता इस्माईलभाई होते. मिरजेचे. म्हणजे जागा दिली तर त्यांचंही घर लांब जाणार होतं. शिवाय कारखान्याचा माल एकदम सुटल्यामुळे गुरुवारी एक कोल्हापूरचा माल येणार आणि मग चार-पाच दिवस काहीच नाही, असं शेठ म्हणाले होते. सहावा नंबर म्हणजे पुढचा आठवडा. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मागायचं होतं. दुकानात सुटे पैसे परत मागायलाही मी दोनदा विचार करतो.

इस्माईलभाई ट्रेलरच्या सावलीत कांदा चिरत होते. स्टोव्ह पेटलेला.

"क्या रे कॉम्प्युटर, आज इधर कैसे?"

मी सगळं सांगितलं. साखरपुडा, सर्व्हर, प्रत, सातची यादी. अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. ते कांदा चिरत राहिले.

"मतलब फोन में जो दिखता है वो फोटू है?"

"हो. फोटोच. पुन्हा मागितल्याशिवाय नवा येत नाही."

"और तूने फोटू पे टाइम नहीं डाला."

"नाही टाकली."

"गलती किसकी? मामा की के तेरी?"

"माझी."

"पक्का?"

"पक्का."

"मामा की होती तो नहीं देता. ड्रायव्हर को अपनी लाइन मालूम रहनी चाहिए." त्यांनी सुरी पुसली. "मेरी बेटी की मंगनी के टाइम मैं गाडी लेके विजयवाड्याला उभा होतो. लोडिंग नहीं, अनलोडिंग नहीं. फोन पे दुआ पढी." मग चिरलेला कांदा तेलात टाकत म्हणाले, "दिया नंबर. पण एक शर्त. कल की हाक तू देगा. पायरी पे खडा होके, तीन बार, सबके सामने. मालूम तो पडे तेरे को, आवाज कितना दूर जाता है."

मी फळ्यापाशी येऊन सांगितलं. काकांनी दोन आकडे पुसले, अदलाबदल केली आणि खडू माझ्या हातात दिला. "खाली सही कर. अदलाबदली कुनामुले झाली ते फल्यावर ऱ्हाऊ दे आठवडाभर."

गुरुवारी मी कॉलेज बुडवलं. साडेबाराला कोल्हापूरच्या मालाचा कागद आला. मी पायरीवर उभा राहिलो. मामा समोर चार पावलांवर होते, आंघोळ करून, केस विंचरून. तरी हाक द्यायचीच होती.

"एकतीस बहात्तर."

"आरं कुनाला बोलावतोस?" काका म्हणाले. "तुज्या चपलेला?"

सगळे हसले. मामाही हसले आणि मुद्दाम ढिम्म उभे राहिले. पाच मिनिटांनी दुसरी हाक जरा बरी गेली. चहाच्या टपरीपर्यंत पोचली असावी, कारण तिथून कुणीतरी ओरडलं, "जोर लगा, कॉम्प्युटर!" तिसऱ्या वेळी मी डोळे मिटले आणि ओरडलो. समोरच्या यार्डातली क्रेन थांबली. वडील हुक धरून वळून बघत होते.

"हजर हाय!" मामा म्हणाले.

गाडी भरून तीनला निघाली. साडीची पिशवी केबिनमध्ये देवाच्या फोटोमागे खोचलेली मी पाहिली.

मग मी पान दुरुस्त केलं. दुरुस्ती अगदीच छोटी. वरती मोठ्या अक्षरात वेळ : ही यादी इतके वाजून इतक्या मिनिटांची. आणि एक ओळ अशी, की उघडं असलेलं पान दर मिनिटाला आपण होऊन नवी प्रत मागेल. घरी वडिलांचा आणि माझा फोन शेजारी ठेवून मी तासभर तपासत होतो. एकात नेट बंद, एकात चालू. नेट बंद केलेल्या फोनवर जुनीच यादी राहिली, पण निदान वरची वेळ खरं बोलत होती. वडील म्हणाले, "दोन फोनांकडं काय बघतोयस सारखा? लगीन लावतोयस का त्यांचं?" काकांनी सांगितलं म्हणून सगळ्यात खाली आणखी एक ओळ घातली : पहिल्या तिघांत आकडा आला की फळ्यापाशी या.

प्रोजेक्टमध्ये मी हे सगळं लिहून पाठवलं. चूकसुद्धा. तो प्रश्न विचारणाऱ्याला उत्तरही लिहिलं : तुमचं बरोबर होतं, माफ करा. त्याचं काही आलं नाही.

शनिवारी बाराला मी घड्याळ बघितलं. मामांचा फोन लागत नव्हता. रविवारीही नाही. कोल्हापूरला माल उतरवून, गाडी तिथेच लावून, पुढे जतपर्यंत एसटीने जायचं होतं त्यांना. मध्ये काहीही होऊ शकतं. इस्माईलभाई रोज सकाळी फळ्यापाशी येऊन एकच विचारायचे, "मामा का कुछ?" मी नाही म्हणून मान हलवायचो. सोमवारी कोर्सचा निकाल आला. पास. सर्टिफिकेट वडिलांनी मोबाईलमध्ये मोठं करून करून बघितलं. मला आनंद झाला, नाही असं नाही. पण मी ज्या निरोपाची वाट बघत होतो तो हा नव्हता.

या सगळ्यातून मी काय शिकलो म्हणाल तर एवढंच, की कुठलीही माहिती लोकांसमोर ठेवायची तर ती कधीची आहे हे तिच्या डोक्यावर लिहावं. कोर्समध्ये यासाठी वेगळा धडा नव्हता.

मंगळवारी सकाळी अकराला मी बिल्टी टाईप करत असताना फोनवर मामांच्या आवाजातला निरोप आला. मी तो फळ्यासमोर मोठ्याने लावला. काका, इस्माईलभाई, सगळे उभे होते.

"लेकरा, गावात रेंज न्हवती, म्हनून उशीर. कोल्हापुरातबी लाईन हुती, आन् तितं फळाबी न्हवता. शनवारी पहाटं गाडी रिकामी झाली. आता तू इचारनारच, म्हनून सांगतो. शनवारी, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी दारात पोचलो. साडी नेसूनच पोरगी पाटावर बसली. इस्माईलला सांग. आन् येळ लिहून ठेव."

काकांनी खडू उचलला आणि फळ्याच्या कोपऱ्यात, माझ्या सहीखाली, लिहिलं : शनिवार, ११.४०.